बेलीफभाऊंची टोपली

मुलांनो,

परवा फोनवर तुम्ही दोघे एकमेकांना ढकलत सांगत होतात, की तुमच्या घराची सांडपाण्याची मुख्य लाइन तुंबली, एक माणूस गाडी घेऊन आला, त्याने नळीत कॅमेरा सोडला आणि घराच्या पोटातले सगळे तुम्हाला पडद्यावर दाखवले. तुमची हरवलेली प्लास्टिकची मगर तिथे निघाली म्हणून तुम्ही हसत होतात आणि तुमची आई रागावलेली होती. मग धाकट्याने विचारले, "आजी, तुमच्याकडे कॅमेरा नव्हता, तर कोणी काय टाकलं ते कसं कळायचं?"

मी "कळायचं बरं का" एवढेच म्हणाले, कारण तुमचे ताट वाढलेले होते आणि जेवण निवलेले मला आवडत नाही. पण त्या प्रश्नाचे खरे उत्तर म्हणजे एक माणूस आहे. त्याला जवळून ओळखणारे आता आम्ही थोडेच उरलो आहोत. म्हणून हे नीट लिहून पाठवते. तुमची आई वाचून दाखवेल. अवघड बोली आली तर तिलाच विचारा, तिला ती छान बोलता येते, तुमच्यासमोर बोलत नाही इतकेच.

तुमच्या आजोबांची शेती खात्यात गडचिरोलीला बदली झाली, तेव्हा नागपूरचे नातेवाईक सांत्वनाला यावे तसे चेहरे करून आम्हाला भेटून गेले. तुमची आई नागपूरला वसतिगृहात राहिली आणि आम्ही दोघे बसने गेलो. मला तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवण्याचे काम मिळाले. राहायला जुने कौलारू घर मिळाले. पुढच्या खोल्यांत एक शिंपी आणि त्यांची बायको, मधल्या खोल्यांत घरमालक आणि त्यांची बायको, मागच्या खोल्यांत आम्ही. अंगणात हातपंप, कोपऱ्यात दोन संडास आणि सगळ्या घराची मिळून जमिनीखालून जाणारी एकच जुनी लाइन, ती मागच्या भिंतीजवळच्या टाकीत पडायची. घर बांधले होते घरमालकिणीच्या वडिलांनी. त्यांना ती एकटीच मुलगी.

घरमालकांना सारे भाऊ म्हणत, त्यांच्या बायकोला बाई. भाऊ कोर्टातून बेलीफ म्हणून निवृत्त झाले होते. बेलीफ म्हणजे न्यायाधीशाने दिलेला हुकूम लोकांच्या दारात नेऊन बजावणारा माणूस. एखाद्याला घर खाली करायला लावायचे, एखाद्याचे सामान जप्त करायचे, हे त्यांचे काम. निवृत्तीनंतर हुकूम थांबले, भाऊ थांबले नाहीत.

ते स्वतःच्या घरातसुद्धा सरळ शिरत नसत. आधी दारावर थाप मारायची, मग बाजूला सरकून भिंतीला पाठ लावून उभे राहायचे, आतून होकार आला की मग पाऊल टाकायचे. नोकरीत असताना एका घरी हुकूम बजावायला गेले, तर आतल्या म्हातारीने दार उघडून गरम पेजेचा गंज, म्हणजे आख्खे पातेले, त्यांच्या अंगावर उलटे केले होते. तेव्हापासून ते कुठल्याही दारासमोर उभे राहिले नाहीत. त्यांची थाप ऐकली की बाई चुलीपुढून न उठता म्हणायच्या, "या, कोनी पेज नाई टाकत."

दुसरी सवय पंचांची. कोर्टाच्या कामात जे काही घडते ते दोन त्रयस्थ माणसांच्या डोळ्यांदेखत घडावे लागते, त्यांना पंच म्हणतात. भाऊंचा पंचांशिवाय कशावर विश्वासच नव्हता. दूधवाला माप भरू लागला की ते अंगणात जो दिसेल त्याला हाक मारायचे. केस विंचरता विंचरता मी कितीदा दुधाची पंच झाले. बाईंनी वांग्याच्या भाजीत मीठ जास्त पडल्याचे नाकारले, तर वाटी घेऊन भाऊ आमच्या दारात बाजूला उभे. "मॅडम, चाखून पाहा. मी काई बोलत नाई. पंच बोलन."

आणि कोंबडा. एका खटल्यात त्यांनी एक कोंबडा जप्त केला होता. पुढे वादी आणि प्रतिवादी एकमेकांचे व्याही झाले आणि कोंबडा न्यायला कोणीच आले नाही. बाईंनी तो शिजवायचे म्हटले की भाऊ म्हणत, तो सरकारी मुद्देमाल आहे. तो भरपूर म्हातारा झाला, शेवटी शेवटी त्याला दिसतही नव्हते, दुपारीच आरवायचा. गेल्यावर भाऊंनी त्याला पेरूच्या झाडाखाली पुरले. पंच होते शिंपी, ज्यांना आम्ही मास्टर म्हणायचो, आणि तुमचे आजोबा. आजोबांना त्या दिवशी कार्यालयात उशीर झाला आणि त्यांनी साहेबांना खरे कारण सांगितले. साहेबांनी ते खरे मानले नाही.

भाऊंच्या घराण्याचा धंदा मासे धरायचा. गावाबाहेरच्या तलावात त्यांचे चुलतभाऊ अजूनही मासे धरत आणि शिंगाडे लावत. भाऊ दर रविवारी तिकडे जायचे ते बांबूची निमुळती टोपली घेऊन. ही टोपली वाहत्या पाण्याच्या तोंडाशी बसवायची. पाणी तिच्या विणीतून निघून जाते आणि मासा आत अडकतो, कारण आतल्या काड्या अशा वळवलेल्या असतात की आत जाता येते, परत फिरता येत नाही. टोपली ते स्वतः विणत. परत आल्यावर बाईंना मासळी, मास्टरांना मासळी, आणि आम्ही खात नाही म्हणून आम्हाला शिंगाडे. "बामनाचा मासा," म्हणून ते माझ्या ओंजळीत ओतायचे.

तिकडे खर्रा नावाचा एक प्रकार खातात. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटतात, तिची पुडी बांधतात आणि ती दिवसभर गालात धरतात. भाऊंचा गाल कायम फुगलेला असायचा. मग तोंडात जखम झाली, डॉक्टरांनी दम दिला, बाईंनी जेवण सोडले, आणि भाऊंनी हातपंपाजवळ उभे राहून आम्हा सगळ्यांसमोर जाहीर केले की आजपासून खर्रा बंद. मी पंच होते. जखम बरी झाली, गाल बसला. भाऊ रोज सकाळी पेपर घेऊन संडासात फार वेळ बसू लागले, पण निवृत्त माणसाच्या सकाळच्या वेळेबद्दल कोण काय बोलणार?

तर असे सगळे नीट चाललेले असताना एका मे महिन्यात लाइन तुंबली.

तिकडचा मे महिना तुम्ही पाहिलेला नाही. त्या उन्हात अंगणातल्या चेंबरचे झाकण उचलले गेले आणि खालून जे वर आले त्याचे वर्णन मी करणार नाही. आम्ही नाकाला पदर लावून फिरत होतो. बादल्या ओतून काही झाले नाही. नगरपरिषदेची गाडी टाकी उपसायची, लाइनला हात लावत नसे. शेजारच्यांनी सुचवले की एखादा माणूस बोलवा, तो आत उतरून हाताने काढील. भाऊंनी त्यांच्याकडे पाहिले. "मी काऊन कोनाले उतरवू? घान आमची आहे. आमी काढू."

ते बुरडांच्या गल्लीतून हिरवा बांबू घेऊन आले, त्याच्या लांब कामट्या काढून घेतल्या, त्या सायकलच्या जुन्या ट्यूबने एकीला एक बांधल्या आणि चेंबरमधून लाइनमध्ये सरकवत गेले. हिरवी कामटी वळणावर वळते, मोडत नाही. आजोबा आणि मास्टर मागून ढकलत होते. दुपारपर्यंत आत काहीतरी हलले, गुडगुडले, आणि पाणी गेले. भाऊ पंपाखाली बसून कितीतरी वेळ अंघोळ करत होते. बाईंनी शिरा केला.

आठवडा संपायच्या आत लाइन पुन्हा तुंबली.

तेव्हा भाऊंमधला बेलीफ जागा झाला. त्यांनी सगळ्यांना अंगणात बोलावले आणि सांगितले की हे आपोआप होत नाही. "कोनीतरी करून राह्यला. लाइन बुजते म्हंजे लाइनमंधी काईतरी जाते. जे जाते ते कोनाचं तरी असते." आता ढकलून चालणार नाही, जे आहे ते बाहेर काढून पाहावे लागेल. आणि ज्याचा माल निघेल, त्याने घर खाली करायचे. भाऊंचा हुकूम झाला.

आजोबा हसले. मास्टर हसले नाहीत. ते गणवेशाचे दिवस होते, पुढच्या खोलीत निळ्या कापडाचे ढीग पडलेले होते, शाळा उघडायच्या आत सगळे शिवून द्यायचे होते आणि चिंध्या साऱ्या अंगणभर उडायच्या. घर गेले म्हणजे दुकान गेले. शिवाय मास्टर मुसलमान होते, त्यांना गावात दुसरे घर सहज मिळाले नसते. का, ते जरा मोठे झाल्यावर आईला विचारा. त्या रात्री त्यांचे मशीन चालू होते, पण मधेच थांबत होते.

रविवार आला. भाऊ तलावावर गेले नाहीत. त्यांनी आपली मासे धरायची टोपली आणली, मागच्या भिंतीजवळ लाइन जिथे टाकीत पडते तिथे, तिच्या तोंडाशी पक्की बसवली, आणि वरच्या चेंबरमधून कामट्या सोडल्या. म्हणजे लाइनमधून जे निघेल ते टाकीत न जाता टोपलीत अडकेल. तुमच्या माणसाचा कॅमेरा, मुलांनो, आमच्याकडे तो असा होता.

बराच जोर लावल्यावर एक मोठा गोळा सुटला. पाणी धो धो टोपलीतून निघून गेले. भाऊंनी टोपली उचलली, पंपाखाली खळखळून धुतली आणि आतला माल अंगणात पळसाच्या पानांवर मांडला. आम्ही खाटांवर बसलो होतो. बाई दारात उभ्या होत्या.

पहिल्या पानावर निळी चिंधी होती. अशा बऱ्याच होत्या, एकमेकींत गुंतलेल्या. मास्टरांनी मान खाली घातली. त्यांची बायको आतून पडद्याआड ऐकत होती, पडदा हलायचा थांबला.

"मास्टर," भाऊ म्हणाले, "हे कापड कोनाचं?"

मास्टर बोलायच्या आत बाई म्हणाल्या, "माह्यं. मीच त्याईले मांगून आनते, संडास पुसाले. हातातून सुटली असन. करा मले बाहेर."

भाऊ गडबडले. हा मुद्दा त्यांनी बाजूला ठेवला, चिंधीचा गोळा लाइन बुजवण्याइतका मोठा नाही असे ठरवले आणि दुसऱ्या पानाकडे वळले. त्यावर मोठा गोळा होता. त्यांनी काडीने तो उकलला, आणि उकलताना त्यांचा हात मंदावत गेला.

पन्न्या होत्या. लहान लहान, चुरगळलेल्या, तोंडाला दोरा गुंडाळलेल्या. एकात एक अडकून त्यांची घट्ट उशी झाली होती, आणि चिंध्या त्यावर येऊन थांबल्या होत्या. त्या कशाच्या पन्न्या आहेत हे गडचिरोलीत कोणालाही सांगावे लागत नाही. आजोबा सुपारीही खात नव्हते. मास्टर वेलदोडा चघळायचे. पंपाचे पाणी थेंब थेंब पडत होते.

ज्यांचे घर पणाला लागले होते तेच मास्टर पहिल्यांदा बोलले. "भाऊ, हवा से उड के आया रहेंगा. रस्ते पे कितना कचरा रहता."

"मास्टर," भाऊ म्हणाले, "रस्त्यावरची पन्नी उडून संडासात जाते का?"

मग त्यांनी बाईंकडे पाहिले. बाई म्हणाल्या, "मले माहीत होतं. तुमी लपून खाल्ला त्याचं मी काई म्हनत नाई. मास्टरसारख्या मानसाले रातभर झोप नाई लागली, त्याचं म्हनते."

भाऊ उठले. हात धुतले, आत जाऊन आपली कोर्टातली जुनी टोपी घालून आले. मग बाहेरून स्वतःच्याच दारावर थाप मारली, बाजूला सरकले, भिंतीला पाठ लावली आणि मोठ्याने म्हणाले, की या घरातल्या इसमाच्या मालाने लाइन बुजली असे पंचांसमोर सिद्ध झाले आहे, त्याने आपले सामान घेऊन घर खाली करावे. आतून उत्तर आले नाही, कारण आत कोणी नव्हते. भाऊ आत गेले, टोपी खुंटीला लावली, आणि आता ज्याच्यावर हुकूम बजावला तो माणूस होऊन बाहेर आले. हातात पत्र्याची पेटी आणि रेडिओ.

आम्हाला वाटले बाई अडवतील. त्या म्हणाल्या, "डबा सायंकाळी पाठवते."

फाटकापाशी भाऊ वळले. "मास्टर, कडी लावून घ्या. बाहेर काढलेला मानूस मागून येते. मी पाह्यलं आहे." मास्टरांनी कडी लावली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, आणि मला वाटते थोडे हसूही होते.

तलावाच्या पाळीवर शिंगाड्यांची राखण करायची एक खोपडी होती. भाऊ तिथे राहिले. रोज संध्याकाळी डबा न्यायचे ते मास्टर, सायकलवरून, गणवेशांचे काम टाकून. आम्हीही जाऊन आलो. आजोबांनी समजूत घातली, मीही घातली. भाऊ आम्हाला वाळवलेले शिंगाडे देऊन म्हणाले, "मीच हुकूम काढला, मीच बजावला, आता अपीलही मीच आयकू काय? लोकाईले मी घराबाहेर काढलं, मॅडम. लेकराबाळांसकट काढलं. माह्यासाठी कायदा वेगळा आहे का?" मी शिंगाडे पदरात बांधले. मी भाषेची मास्तरीण, कायद्याची नाही.

इकडे घर मोकळे मोकळे वाटायला लागले. लाइन वाहत होती, पण दारावर थाप पडत नव्हती. दूधवाल्याचे दूध पातळ झाले. बाई संध्याकाळी भाकरी करता करता दाराकडे पाहायच्या आणि चटका बसला की चुलीवर चिडायच्या. भाऊंना थोडा खोकला झाल्याची बातमी मास्टरांनी आणली, त्या दिवशी बाईंनी लुगडे बदलले आणि आम्हा सगळ्यांना म्हणाल्या, "चला. पंच पाह्यजेत."

आम्ही उन्हे उतरल्यावर पाळीवरून एका रांगेत गेलो. खोपडीशी आल्यावर बाईंनी आम्हाला थांबवले. स्वतः पुढे झाल्या, कुडाच्या दारावर थाप मारली आणि बाजूला सरकून उभ्या राहिल्या.

आतून आवाज आला, "या, कोनी पेज नाई टाकत."

"मी नाई येत. तुमी बाहेर या." भाऊ बाहेर आले. दाढी वाढली होती. बाईंनी विचारले, "आपलं घर कोनी बांधलं?"

"तुह्या बापानं."

"कोनाच्या नावानं आहे?"

"तुह्या."

"मंग मले न पुसता माह्या घरातून मानूस काहाडनारे तुमी कोन?"

तलावात कोणीतरी जाळे ओढत होते. भाऊंनी तिकडे पाहिले, मग आमच्याकडे. कायद्याचा प्रश्न होता आणि तो त्यांना पहिल्यांदाच पडला होता. शेवटी त्यांनी मास्टरांना विचारले, पंच म्हणून त्यांचे काय म्हणणे आहे.

"हुकूम रद्द, भाऊ," मास्टर म्हणाले. "गलत आदमी ने निकाला."

"मंग इतके वर्सं मी त्या घरात कोन होतो?"

"किरायेदार," बाई म्हणाल्या. "आन राहाचं असन तर अजूनबी राहू शकता. खर्रा नाई खायाचा. दर रविवारची मासळी हा किराया, आन ते सोलून, धुवून द्यायची."

भाऊंनी पेटी उचलली. रेडिओ मास्टरांनी घेतला.

त्यानंतर आम्ही तिथे होतो तोवर भाऊ किरायेदार म्हणूनच राहिले. भिंतीत खिळा ठोकायचा तर बाईंची परवानगी काढत. कौल गळाले की आमच्याकडे येऊन तक्रार करत, की मालकीण लक्ष देत नाही, आपण तिघा किरायेदारांनी मिळून तिला सांगायला हवे. कोणी भाडे कमी करा म्हटले तर हात जोडत, "मीच किरायानं राह्यतो, मालकिनीले पुसा." रोज संध्याकाळी फाटकात उभे राहून जो दिसेल त्या पंचासमोर दोन्ही खिसे उलटे करून दाखवत. मी असंख्य वेळा पाहिले, पन्नी कधी निघाली नाही. टोपीत पाहायची पद्धत नव्हती. पण लाइन पुन्हा तुंबली नाही, यावरून काय ते समजा.

टोपली मात्र लाइनच्या तोंडाशी राहिली. भाऊ ती आठवड्याला काढून धुवायचे आणि खराब झाली की नवी विणायचे. माझ्या हातून एकदा सुटलेला कंगवा त्यांनी पळसाच्या पानावर ठेवून, पंचासमोर मला परत केला. मी तो घेतला नाही.

आमची बदली झाली त्या दिवशी भाऊ दाराच्या बाजूला उभे राहिले आणि थाप मारली. हातात एक टोपली होती. "हे कोरी आहे मॅडम," ते म्हणाले, "पंचासमोर सांगतो," आणि मास्टरांकडे पाहिले. मास्टरांनी मान डोलावली.

भाऊ गेले त्याला आता खूप वर्षे झाली, बाईही त्यांच्या मागून गेल्या. ते घर बाईंच्या भाचीकडे आहे. पुढच्या खोलीत मास्टरांचा मुलगा गणवेश शिवतो. लाइन तीच जुनी आहे, आणि तिच्या तोंडाशी बुरडांच्या गल्लीतून आणलेली टोपली अजून बसवतात. भाऊंच्या हातची टोपली माझ्या स्वयंपाकघरात खिडकीशी टांगलेली आहे. आम्ही तिच्यात कांदे ठेवतो.